सिस्टर खेकसतात, कारण...

रातपाळी
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, 'डॉक्टर देवमाणूस, पण सिस्टर नुसत्या खेकसतात.' भराभर अंगठे पडले. तिथे गप्प बसले, म्हणून इथे लिहिते.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. चार वर्षं खाजगीत काढली, आता सात वर्षं सरकारीत, बायकांच्या मेडिसिन वॉर्डात. खाटा चाळीस, पेशंट बावन्न. उरलेल्या बारा जणी खाली गादीवर. रात्री आठ ते सकाळी आठ आम्ही दोघी आणि एक मावशी. दहाची औषधं सुरू केली की एकेका बाईला पाच मिनिटं धरा. इंजेक्शन पातळ करायचं, नसेतून सावकाश सोडायचं. दोघींनी वाटून घेतलं तरी दोन तास दहा मिनिटं झाली. मधे कुणी उलटी केली नाही, नवीन ॲडमिशन आली नाही, तर. 'सिस्टर, सलाईन संपलं, हवा जाईल' म्हणत तीन नातेवाईक येऊन गेलेले असतात. चौथा आला की माझा आवाज चढतो. हो, चढतो.

नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे तीन पेशंटमागे एक नर्स. आमच्याकडे सव्वीसला एक. सेवाभाव सव्वीस ठिकाणी वाटला की जेवढा उरतो तेवढा तुमच्या वाट्याला येतो.

साधा_माणूस
ताई, राग मानू नका. मार्चमध्ये वडिलांना अर्धांगाचा झटका आला, नऊ दिवस वॉर्डात होतो. डायपर बदलायला कुणी आलं नाही. विचारलं तर उत्तर, 'नातेवाईक कशाला आहात?' कूस कशी बदलायची तेही शेजारच्या पेशंटच्या मुलाने शिकवलं. आणि टेबलावर बसून मोबाईल बघणाऱ्या सिस्टर मी डोळ्यांनी पाहिल्यात. गर्दी आम्ही केली नाही. तुमचं भांडण सरकारशी आहे, त्याचा राग आमच्यावर का काढता?

वीस_खाटा
मी डॉक्टर, तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवतो. आधी एक दुरुस्ती. तीनला एक हा आकडा तिन्ही पाळ्या धरून आहे, तोही वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डासाठी. एका पाळीत नवाला एक. अर्धीच गोष्ट सांगू नये.

आता माझं. सुप्रीम कोर्टाच्या २०१६च्या आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलनेही नर्सला महिना किमान वीस हजार द्यावेत. केरळने २०१८मध्ये तसं किमान वेतन लावूनही टाकलं. माझ्याकडे सहा जणी. म्हणजे एक लाख वीस हजार. सरकारी योजनेचे पैसे महिनोन्महिने अडकतात आणि इथला पेशंट बिलात हजार रुपये वाढले तरी पुढच्या गल्लीत जातो. मी साडेतेरा देतो. मुलगी सहा महिन्यांत हात बसवते आणि पुण्याला निघून जाते. शिकवायचं मी, वापरायचं कॉर्पोरेटने. आमच्याही बाजूने कधी धागा काढा.

रातपाळी
डॉक्टर, दुरुस्ती मान्य, नवाला एक. आता त्याच्याशेजारी आमचा सव्वीस ठेवून बघा.

आणि 'शिकवायचं मी' म्हणता, तर सहापैकी किती जणींची कौन्सिलला नोंदणी आहे? मी खाजगीत होते तिथे बारावी झालेल्या मुलीला पांढरा कोट घालून 'सिस्टर' म्हणून उभी करायचे. ती नस शोधायला टोचत राहायची, शिव्या सगळ्या सिस्टरांना. माझी मूळ प्रमाणपत्रं दीड वर्ष मालकाच्या कपाटात होती. सोडताना एका महिन्याचा पगार भरून सोडवून आणली.

साधा_माणूस, मोबाईलचं खोटं नाही, असतात तशाही. पण टेबलाशी बसलेली प्रत्येक जण बसलेली नसते हो. केसपेपर, चार्ट, औषधं-सामानाचं मागणीपत्र, पोलीस केस असेल तर तिची वेगळी नोंद, कोणी गेलं तर त्याचे कागद. हे सगळं आम्हीच लिहायचं. शिवाय चादरी मोजायच्या. पेशंट डिस्चार्ज होताना चादर पिशवीत गेली तर खुलासा माझा. कूस बदलायला वेळ नाही आणि चादरी मोजायला आहे, ही चीड मलाही येते.

निवृत्त_परिसेविका
छत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा इन्चार्ज म्हणून. पेशंट तेव्हाही मावत नव्हते. पण वॉर्डात शिरल्यावर पहिली फेरी सगळ्या खाटांवरून हात फिरवत व्हायची. हल्ली हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंट सोपवणं, टेबलापाशीच उरकतात, त्यामुळे कोणाची पाठ लाल झालीय ते दुसऱ्या दिवशी कळतं. याला माणसं जास्त लागत नाहीत, सवय लागते. सेवाभावाला नाक मुरडू नकोस गं. अरुणा शानबाग केईएमचीच नर्स, हल्ल्यानंतर कधी शुद्धीवर आली नाही; तिला तिथल्या सिस्टरांनी बेचाळीस वर्षं सांभाळलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. ते काय रेशो बघून केलं?

रातपाळी
बाई, तुमचा मान राखून बोलते. अरुणाताईंचं नाव काढलंत तर सुरुवातही सांगा. २७ नोव्हेंबर १९७३, ड्युटी संपवून त्या कपडे बदलायला तळघरात गेल्या होत्या. तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. पुढची बेचाळीस वर्षं सगळ्यांना पाठ आहेत, तळघर कुणाच्या लक्षात नाही. आम्ही आज चादरींच्या खोलीत कपडे बदलतो. आतली कडी तुटलेली आहे, एक जण बाहेर उभी राहते.

निवृत्त_परिसेविका
आमच्या वेळीही तीच पद्धत होती. मी इन्चार्ज असताना खोलीसाठी दोनदा लिहून दिलं. नंतर सोडून दिलं, ते चुकलंच. हँडओव्हरबद्दल मात्र माझं मत बदलणार नाही.

ब्रदर_म्हणा
रात्री वॉर्डात मारामारी झाली की 'ब्रदर, पुढे व्हा.' एम्सने २०१९मध्ये नर्सभरतीत पुरुषांना वीस टक्के ठेवले तेव्हा कोणाला पुढे व्हावंसं वाटलं नाही. आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्याला राज्याच्या २०१०च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आमच्या दारावर तसा बोर्डही आहे. नातेवाईक त्याच्याच खाली डबा खायला बसतात.

लीड्सवाली
इंग्लंडमधून. इथेही दिवसा आठपेक्षा जास्त पेशंट एका नर्सकडे गेले तर धोका वाढतो असं २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय, आणि आठाच्या वर जातातच. पण चादरी मी कधी मोजल्या नाहीत.

साधा_माणूस
चादरींचं ठाऊक नव्हतं. तरी वडिलांचा डायपर मी विसरणार नाही. तुम्हीही विसरू नये असं वाटतं.

रातपाळी
नाही विसरत. त्या रात्री त्या वॉर्डात किती जणी होत्या, तेवढं फक्त आठवून बघा.

वीस_खाटा
सहापैकी दोघींची नोंदणी आहे. विचारलंत म्हणून खरं सांगितलं. नोंदणीवाली, अनुभवी मिळत असेल तर बावीस हजार द्यायला तयार आहे. राहायला खोली देतो. येता का, ताई?

रातपाळी
सरकारी सोडून मी नाही यायची. पण बहिणीचं जीएनएम यंदा झालंय. बॉन्ड आहे का?

वीस_खाटा
एक वर्षाचा. प्रमाणपत्रं सुरक्षित राहतील.

रातपाळी
नको मग. आईच्या ट्रंकेत जास्त सुरक्षित आहेत.