काडू, दानवं, शिदोड, वाळा, केचवा : गळाला लावायचं गांडूळ नेमकं कोणतं?

शब्दशोध
बोलीतल्या शब्दांची नोंद करतोय. गळाला लावायच्या गांडुळासाठी काडू, दानवं, शिदोड, वाळा आणि केचवा एवढे शब्द हाताशी आहेत. शेतीविषयक लेखांत ते एका ओळीत, स्वल्पविराम देऊन मांडलेले दिसतात. पण मासे धरणारा माणूस हे शब्द एकमेकांच्या जागी खरंच वापरतो का? की जाडी, लांबी, सापडण्याची जागा यावरून फरक करतो? वाक्यातला वापरही सांगा.

गरीवाला
आधी क्रियापदं बघा, कारण खरी माहिती तिथेच आहे. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गरीने मासे धरण्याला गरवणं. 'आमिष' हा शब्द छापील. पाण्याकाठी विचारतात, "गरीला काय लावलंय?"

'लावणं' हे सर्वसाधारण झालं. त्याच्या पोटात दोन वेगळ्या कृती आहेत. 'ओवणं' म्हणजे डोक्याकडून टोक आत घालून गांडूळ मोजा चढवावा तसं गळावर सरकवायचं आणि शेपटीकडचा दोनेक सेंटिमीटर भाग मोकळा ठेवायचा. 'टोचणं' म्हणजे एकाच जागी आरपार भोसकायचं, दोन्ही टोकं वळवळती ठेवायची. शिंगटी, वांब असे मासे आमिष गिळतात, त्यांना ओवलेलं चालतं. ओवताना शेपूट लांब राहिली तर बारके मासे तेवढीच कुरतडून नेतात, दोरीवरचं तरंगतं बूच नाचत राहतं आणि गळाला काहीच लागत नाही. बारक्या माशांसाठी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा तुकडा पुरतो, त्यात गळाचं टोक जेमतेम झाकलं गेलं पाहिजे.

टोचायचं असेल तर पट्ट्याजवळ टोचा. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर, डोक्याच्या बाजूला, फुगीर आणि थोड्या वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. तिथली कातडी जाड, म्हणून गळ फेकताना गांडूळ निसटत नाही. पट्टाच नसेल तर ते पिल्लू, फेकताक्षणी फाटतं.

वावर
माझ्या मते फरक शब्दांत कमी आणि जागेत जास्त आहे. उकिरड्यातलं, शेणाच्या ढिगातलं गांडूळ तांबडं, बारीक आणि चपळ, हातात घेतलं तर उड्या मारतं. काळ्या जमिनीत खोलवर राहणारं राखाडी, जाड आणि मंद. पाण्यात हालचाल हवी असेल तर उकिरड्यातलं, लांब तुकडे पाडायचे असतील तर जमिनीतलं. बोलीतला शब्द कोणताही असो, त्याच्यामागे 'उकिरड्यातला' की 'वावरातला' हे विशेषण लागतं आणि ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. नोंद करताना हे विशेषण गाळू नका.

गांडूळखताच्या बेडमधली दोन जातींची गांडुळं आता सर्रास मिळतात. आयसेनिया फेटिडा बारीक, तांबडी, अंगावर पिवळसर आडवे पट्टे. दाबलं की पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडते, म्हणून तुकडे न करता अख्खी लावावी. युड्रिलस युजेनी जांभळट चकाकीची, बरीच लांब आणि जाड. तिचे तुकडे छान पडतात.

खणायला फावडं नको, कुदळीने ढेकूळ उलटवून हाताने फोडा. फावड्याने निम्मी गांडुळं कापली जातात आणि कापलेलं एक गांडूळ डब्यात गेलं की ते सडून बाकीचीही मरतात. जमिनीवर मातीच्या बारीक गोळ्यांची रास दिसली की खाली गांडूळ आहे असं समजा, ती त्याची विष्ठा. उन्हाळ्यात वरच्या थरात शोधू नका, ओल खाली गेली की तीही खाली जाऊन वेटोळं करून पडतात. तेव्हा मोरीचं पाणी मुरतं ती जागा किंवा केळीचं बूड बघावं.

कोशकीडा
व्युत्पत्तीचं थोडं. अमरकोशात महीलता, गण्डूपद आणि किंचुलक ही तीन नावं एकत्र येतात. गांडूळ हा गण्डूपदाच्या कुळातला, तर विदर्भाकडे ऐकू येणारा केचवा हिंदी केंचुआचा भाऊ, आणि तो किंचुलकाकडे जातो. गण्डू म्हणजे गाठ किंवा सांधा. अंगावरच्या वळ्या पाहिल्या की नाव पटतं. गांडूळ हा शब्द चारचौघांत उच्चारायला काही जण संकोचतात, त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

लेखनाचंही सांगतो, कारण खताच्या पिशव्यांवरसुद्धा चुकलेलं असतं. गांडूळ दीर्घ, पण अनेकवचनात आणि सामान्यरूपात ऱ्हस्व : गांडुळाचा, गांडुळे, गांडुळांना. समासात पुन्हा दीर्घ : गांडूळखत. लिंग नपुंसक, ते गांडूळ. दानवं म्हणजे लेखी दानवे, तेही नपुंसक. काडू मात्र पुल्लिंगी.

बिळशोध्या
शब्दशोध, तुमच्या यादीतला 'वाळा' वेगळा काढा. वाळा हे गांडुळाचं नाव आहे तसंच एका सापाचंही. तो बारीक, काळपट तपकिरी, साधारण वीतभर लांब, ओल्या मातीत, कुंडीखाली, दगडाखाली सापडतो. म्हणजे जिथे गांडूळ खणायला जाल तिथेच. बिनविषारी आहे, मुंग्या-वाळवीची अंडी खातो. पावसाळ्यात तो गांडूळ समजून मारला जातो.

ओळख सोपी आहे. गांडुळाच्या अंगावर वळ्या असतात आणि ते लांब-आखूड होत सरकतं. वाळा लांब-आखूड होत नाही, नागमोडी झपाझप पळतो. अंग गुळगुळीत आणि कोरडं चकाकतं, त्यावर खवले असतात. नीट पाहिलं तर बारीक जीभ आत-बाहेर होताना दिसते. गांडुळाला जीभही नाही आणि डोळेही नाहीत. संशय आला तर बोटावर घ्या : गांडूळ बुळबुळीत आणि शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की किंचित खरखरीत लागतं, कारण त्याला बारीक राठ केस असतात. वाळा असेल तर मातीत सोडून द्या.

आणि मांडूळ तर अगदीच वेगळं. ते जाड, बोथट शेपटीचं, म्हणून 'दुतोंड्या' म्हणतात. तोही बिनविषारी सापच, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली त्याला संरक्षण आहे. एका अक्षराच्या फरकाने गांडुळाच्या यादीत मांडूळ घुसल्याचं मी वाचलंय.

शब्दशोध
वाळ्यापुढे 'हेच नाव सापालाही' अशी टीप टाकतो. गरीवाला, खाडीत गरवताना गांडूळ चालतं का? तिथल्या चिखलातल्या किड्यालाही काही जण गांडूळच म्हणतात.

गरीवाला
चालतं, पण थोडाच वेळ. खारं पाणी कातडीतून अंगातलं पाणी ओढून घेतं. गांडूळ आकसतं, फिकट पडतं आणि वळवळ थांबते. म्हणून भरती चढत असताना पुनःपुन्हा बदलावं लागतं. त्यापेक्षा खाडीत सोललेल्या कोळंबीचा तुकडा बरा. वरच्या गोड्या पाण्याच्या अंगाला मात्र गांडुळासारखं दुसरं काही नाही.

चिखलातला तो किडा गांडूळ नव्हे. त्याच्या दोन्ही बाजूंना मांसल पायांची ओळ असते आणि काहींचे जबडे बोटाला चावतात. धरताना डोक्यामागे धरावा. नोंदीत त्याला वेगळा रकाना द्या.

डब्याबद्दलही लिहितो, कारण तिथेच जास्त गांडुळं वाया जातात. झाकणाला भोकं, आत मुठीत दाबली तर गोळा व्हावी पण पाणी गळू नये इतकी ओली माती, वर कुजकी पानं. पाणी ओतू नका. गांडूळ कातडीने श्वास घेतं, साचलेल्या पाण्यातली हवा संपली की गुदमरतं. उन्हात ठेवलेला डबा तासाभरात संपतो. मेलेलं गांडूळ लगेच काढा, ते मऊ पडून फुटतं आणि गळावर राहतच नाही.

वावर
रासायनिक खत नुकतंच टाकलेल्या वावरातली घेऊ नका, डब्यात रात्रभरही टिकत नाहीत. आणि शब्दशोध, नोंदीत प्रत्येक शब्दापुढे गावाबरोबर जमिनीचा प्रकारही लिहा : काळी, तांबडी, रेताड, उकिरडा. शेजारच्या दोन गावांत शब्द बदलतो, पण जमीन सारखी असेल तर प्राणी बहुतेक तोच असतो.