तरुण वयात पारंपरिक कॅथलिक श्रद्धा जगायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न

मी जन्माने कॅथलिक आहे, पण श्रद्धेकडे गांभीर्याने पाहू लागलो ते अलीकडेच, बावीस वर्षांचा झाल्यावर. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मी चुकवत नाही, शुक्रवारी मांस वर्ज्य करतो आणि रात्री जपमाळ म्हणण्याचा प्रयत्न करतो. अडचण दुहेरी आहे. माझ्या वयाच्या मित्रांना हे सारे जुनाट वाटते. त्यांच्या थट्टेपेक्षाही, मला काहीतरी झाले आहे अशा समजुतीने ते जपून बोलतात तेव्हा अधिक वाईट वाटते. दुसरीकडे, इंटरनेटवर स्वतःला परंपरानिष्ठ म्हणवणाऱ्या तरुणांचे म्हणणे ऐकले, की जुन्या विधीच्या लॅटिन मिस्सेला न जाणारा आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) जिभेऐवजी हातावर घेणारा माझ्यासारखा माणूस अर्धवटच कॅथलिक आहे की काय, अशी शंका येऊ लागते. आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) जुन्या विधीची मिस्सा होत नाही. अशा परिस्थितीत परंपरा म्हणून नेमके काय धरायचे, आणि अभ्यास व नोकरीच्या धबडग्यात ते कसे निभवायचे?

पहिले उत्तर

तुमच्या दोन अडचणींपैकी मला दुसरी अधिक गंभीर वाटते, कारण मित्रांच्या शेऱ्यांनी श्रद्धा सहसा जात नाही, पण आपण सतत कमी पडतो या भावनेने ती आतून पोखरली जाते. मी अनेक वर्षे तरुणांना धर्मशिक्षण देत आलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

पोप पायस पाचवे यांनी १५७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मिस्सा-ग्रंथाची १९६२ ची आवृत्ती म्हणजे आज ज्याला जुना विधी म्हणतात तो, आणि १९६९ मध्ये पोप पॉल सहावे यांनी जाहीर केलेला विधी म्हणजे आपल्या बहुतेक चर्चमध्ये चालणारा नवा. दोन्ही ख्रिस्तसभेनेच दिलेले आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या जगभरातील बिशपांच्या सभेने, लॅटिन मोडीत काढली, असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. परिषदेच्या उपासनाविधीविषयीच्या १९६३ च्या दस्तऐवजात लॅटिनचा वापर जपावा आणि ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन एकसुरी गायनाला, अग्रस्थान द्यावे असे म्हटले आहे, आणि लोकभाषांना अधिक वाव देण्याची मुभाही त्याच दस्तऐवजात आहे. वाद घालणारे दोन्ही पक्ष त्यातले अर्धेच वाक्य उचलतात, असे माझे निरीक्षण आहे.

ख्रिस्तप्रसाद जिभेवर घेण्याचा हक्क प्रत्येक श्रद्धावंताला सदैव आहे आणि केवळ गुडघे टेकले म्हणून तो कोणाला नाकारता येत नाही, हे २००४ च्या रोमच्या सूचनेत स्पष्ट आहे. हातावर घेण्याची परवानगी जिथे आहे तिथे तसे घेणारा माणूसही कोणत्याही अर्थाने कमी प्रतीचा नाही. तुम्हाला गुडघे टेकावेसे वाटत असेल तर खुशाल टेका. फक्त शेजारचा उभा का आहे, याचा हिशेब ठेवू नका.

परंपरेचा पाया याहून साधा आहे. रविवारची व बंधनकारक सणांची मिस्सा, गंभीर पापांचे वर्षातून निदान एकदा पापनिवेदन (धर्मगुरूंपाशी दिलेली कबुली), ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तासाचा उपवास, चौदा वर्षांपुढे शुक्रवारचा मांसत्याग, आणि अठरा पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष सुरू होईपर्यंत राखेच्या बुधवारी (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) व गुड फ्रायडेला उपवास. एवढे सातत्याने पाळणारा तरुण कोणत्याही व्हिडिओतल्या तरुणापेक्षा कमी परंपरानिष्ठ नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी मी बरीचशी सहमत आहे, परंतु जुन्या विधीकडे ओढली गेलेली एक तरुणी म्हणून थोडे वेगळे मांडते. आम्ही तिथे केवळ हौसेपोटी जातो, असे गृहीत धरले जाते. मला तिथे शांतता मिळाली. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे असतात, त्यांच्या वक्तृत्वावर किंवा स्वभावावर काहीच अवलंबून राहत नाही आणि माझ्याकडूनही सतत प्रतिसादाची अपेक्षा नसते. दिवसभर मोबाइलवरच्या सूचनांच्या आवाजात वावरणाऱ्या पिढीला हे किती हवेसे वाटते, हे मागच्या पिढीला सहज कळत नाही.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये हा विधी बराच मोकळा केला आणि पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये त्यावर पुन्हा कडक मर्यादा घातल्या. त्याचे मला दुःख झाले, ते मी लपवत नाही. तरीही जिथे बिशपांच्या अधिकाराखाली ही मिस्सा होते तिथेच मी जाते, कारण पोपशी भांडण उकरून टिकवलेली परंपरा मला कॅथलिक वाटत नाही.

तुमच्याकडे ती होत नसेल, तर नव्या विधीतही बरेच काही शक्य आहे. ‘किरिये’, ‘सांक्तुस’, ‘आग्नुस देई’ ही लॅटिन मिस्सेतली गाणी शिकून घ्या. नवी मिस्साही लॅटिनमध्ये होऊ शकते, तेव्हा धर्मगुरूंना नम्रपणे विचारण्यात काही गैर नाही. मिस्सेच्या बऱ्याच आधी जाऊन गप्प बसणे मात्र कोणाच्याही परवानगीशिवाय जमते.

तिसरे उत्तर

प्रश्नातील ‘कमी पडतो’ ही भावना मला काळजीची वाटली. नव्याने उत्साहात आलेल्या तरुणांना पापाचा अवास्तव धाक लागू शकतो. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस स्पेनमधील मन्रेसा येथे असताना पापनिवेदनात आधीच सांगितलेली पापे पुन्हा पुन्हा आठवून हैराण झाले होते, आणि संत आल्फोन्सस लिगोरी यांनाही या त्रासाने ग्रासले होते. मरणप्राय पापासाठी विषय गंभीर असावा लागतो, त्याची पूर्ण जाणीव असावी लागते आणि मनापासून संमती असावी लागते. जपमाळ म्हणता म्हणता झोप लागली तर यांतले काहीच घडत नाही. मुळात जपमाळ हे बंधन नव्हेच. रोज पाचही रहस्ये (येशू व मरिया यांच्या जीवनातील मननाचे प्रसंग) जमत नसतील तर एकच दशक, म्हणजे एका रहस्याच्या दहा प्रार्थना, नीट म्हणा. एकच पापनिवेदक धर्मगुरू ठरवून घ्या आणि ते जे सांगतील त्यावर थांबा, इंटरनेटवर दुसरे मत शोधू नका.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच व्यावहारिक शंका उरते. शुक्रवारी मित्राकडे जेवायला गेलो आणि ताटात मांस आले तर काय करावे? नकार दिला की धर्माचे प्रदर्शन मांडल्यासारखे होते, आणि दिला नाही की नियम मोडतो.

पहिल्या उत्तरकर्त्याचे उत्तर

आधी आपल्या देशाच्या बिशप परिषदेचा नियम पाहा. शुक्रवारच्या मांसत्यागाऐवजी दुसरे तपश्चर्याकृत्य किंवा दानधर्म करण्याची मुभा बिशप परिषदा देऊ शकतात, आणि अनेक ठिकाणी ती दिलेली आहे. तशी मुभा नसेल, तर निमंत्रण स्वीकारतानाच ‘शुक्रवारी मी मांस घेत नाही’ एवढेच सांगा. कारण कोणी विचारले तरच द्या. उपवास करताना तोंड धुवा, म्हणजे तो लोकांना दिसणार नाही, असे येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात सांगितले आहे, पण त्याचा अर्थ उपवासच सोडावा असा होत नाही. मित्रांविषयी म्हणाल, तर २०२५ मध्ये संत म्हणून घोषित झालेल्या पिएर जॉर्जो फ्रासाती यांचे चरित्र वाचा. वयाच्या चोविसाव्या वर्षी गेलेला हा तरुण रोज ख्रिस्तप्रसाद घेत असे आणि मित्रांच्या टोळक्यासह डोंगरही चढत असे.