रात्रीचा बॅच जॉब पडला तर लगेच कळेल असं काय लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. महापेला एका छोट्या कंपनीत सपोर्टला आहे. लिनक्स सर्व्हरवर रात्री क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम) १४ जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, चालतात. मंगळवारी बिलिंगचा जॉब पडला (फेल झाला) आणि आम्हाला कळलं ते सकाळी क्लायंटच्या फोनवरून. मी तेव्हा ठाणे-वाशी लोकलमध्ये, ऐरोलीसुद्धा आलं नव्हतं!

क्रॉनचं मेलटू (MAILTO, जॉबने छापलेलं मेलने पाठवणारी सेटिंग) लावलंय. पण जॉबने काहीही छापलं की क्रॉन मेल टाकतो, जॉब पडला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रोज ढीगभर मेल, मग उघडतंय कोण? त्यात जुन्या स्क्रिप्टमध्ये आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणं) लॉगमध्ये जातं, त्यामुळे एक्झिट कोड (काम यशस्वी झालं की नाही ते सांगणारा आकडा, ० म्हणजे यशस्वी) शेवटच्या कमांडचा, म्हणजे जवळपास कायम ०. पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी एक्झिट कोडमध्ये दिसावं यासाठीची सेटिंग) घालणं चालू आहे, एकेक करून.

खरी भीती वेगळीच आहे. सर्व्हरच बंद असेल आणि जॉब सुरूच झाला नाही, तर मेल पाठवणार कोण? म्हणून जॉबने काम संपल्यावर दुसऱ्या मशीनवर हजेरी लावायची आणि वेळेत हजेरी आली नाही तर अलर्ट, असं कोणी केलंय का? स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येईल असं सुचवा. अलर्ट फोन कॉलने हवा, रात्री ३ वाजता मेल कोणी बघत नाही. महिनाअखेरीला जॉब दुप्पट वेळ घेतात, तेव्हा मुदत किती ठेवता?