मदत हवी आहे : महापाषाण थडग्यावरचा क्रूस ख्रिस्ती की आधीचा?

पोर्तुगालमध्ये एव्होराच्या आसपास ग्रॅनाइटची महापाषाणकालीन, म्हणजे प्रचंड शिळा उभारून बांधलेली प्रागैतिहासिक थडगी भरपूर आहेत, तिकडे त्यांना अंता म्हणतात. पाविया आणि साँव ब्रिसोसच्या अंतांची तर 17 व्या शतकात चक्क चॅपलं झाली, तेव्हा ख्रिस्तीकरण झालं यात वाद नाही. माझं अडलंय ते शेतातल्या एका साध्या अंतापाशी.

आतल्या उभ्या शिळेवर वीतभर उंचीचे दोन क्रूस आहेत. एकाच्या पायाशी त्रिकोण आहे, म्हणजे येशूला क्रूसावर चढवलं ती कॅलव्हरीची टेकडी; तो ख्रिस्ती असं धरून चाललोय. दुसरा म्हणजे नुसत्या दोन रेघा. इबेरियातल्या (स्पेन-पोर्तुगालच्या) प्रागैतिहासिक कोरीवकामात हात पसरलेली माणसंही अशीच दिसतात. शिवाय मध्ययुगीन कागदपत्रांत ही थडगी हद्दीच्या खुणा म्हणून येतात, त्यामुळे शिवेचा क्रूसही असू शकतो. (गावात विचारलं तर उत्तर एकच, ‘मूर लोकांचं काम!’, म्हणजे मध्ययुगात इथे राज्य केलेल्या मुसलमानांचं.)

टॉर्च तिरका धरून अंधारात फोटो काढलेत, मोबाइलवर त्रिमिती मॉडेलही केलंय. त्रिकोणवाल्याची खोबण खोल आणि टोकदार, दुसऱ्याची उथळ, तळाशी गोलसर, कडा खडबडीत. दगडफूल मात्र दोन्हींवर सारखंच चढलंय. वास्तू संरक्षित आहे, त्यामुळे खडू फासणं, ठसा घेणं, खरवडणं कृपया सुचवू नका.

ग्रॅनाइटवर खोबणीच्या आकारावरून लोखंडी छिन्नीचं काम आणि दगडाने ठोकून केलेलं काम खात्रीने वेगळं ओळखता येतं, की झिजेमुळे हा पुरावाच बाद धरायचा?