मुलांना बायबलमधील कठीण कथा घरी कशा सांगाव्यात?

नमस्कार. आमची मुलगी आठ वर्षांची आहे आणि मुलगा पाच वर्षांचा. रोज रात्री झोपण्यापूर्वी आम्ही त्यांना बायबलमधील एक कथा सांगतो. दावीद आणि गल्याथ, सिंहांच्या गुहेतील दानीएल, उधळ्या पुत्राचा दाखला या कथा दोघांनाही तोंडपाठ आहेत. बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते तो प्रसंग तर धाकटा स्वतः करून दाखवतो आणि प्रत्येक हाकेला अंथरुणातून उठून वृद्ध याजक एलीकडे, म्हणजे माझ्याकडे, धावत येतो. अडचण आहे ती इतर कथांची.

महापुरातून तारवात, म्हणजे मोठ्या नौकेत, वाचलेल्या नोहाची कथा ऐकताना मुलीने विचारले, "तारवाच्या बाहेर राहिलेल्यांत लहान मुलेही असतील ना?" मुलांच्या सचित्र पुस्तकांत तारवातून डोकावणारे जिराफ असतात, पुरात गेलेली माणसे नसतात, बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात मात्र त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. माणसांचा दुष्टपणा पाहून देवाच्या मनाला दुःख झाले, हेही त्याच्या आधीच्या सहाव्या अध्यायात लिहिले आहे, असे मी तिला सांगितले. तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही, आणि ते इतक्या सहज व्हावे असे मलाही वाटत नाही.

योनाच्या पुस्तकाचा मात्र फार उपयोग झाला. ही कथा बहुतेक वेळा योनाला गिळणाऱ्या माशापाशीच संपवली जाते, हे मला पटत नाही. निनवे शहर नाशातून वाचले म्हणून योना रुसतो, तेव्हा ज्यांना उजव्याडाव्या हाताचा भेद कळत नाही अशा १,२०,०००हून अधिक माणसांची आणि पुष्कळ गुरांची मी पर्वा करू नये काय, असे देव त्याला विचारतो. पुस्तक या प्रश्नावरच संपते. "गुरांचीसुद्धा?" असे म्हणून मुलगी बराच वेळ विचार करत राहिली.

आता उत्पत्तीचा बाविसावा अध्याय समोर आहे. त्यात देव अब्राहामाला त्याचा मुलगा इसहाक याचा होम करण्यास सांगतो. इसहाक लाकडे वाहत चालला आहे आणि होमासाठी कोकरू कोठे आहे, असे वडिलांना विचारतो. ही कथा वडिलांच्याच तोंडून ऐकताना मुलाच्या मनात काय येईल, याची मला काळजी वाटते. ती दोन-तीन वर्षे थांबून सांगावी, असे पत्नीचे मत आहे. परंतु मुलांना ती बाहेरून अर्धवट कळण्यापेक्षा आमच्याकडून कळलेली बरी, असे मला वाटते.

आपण ही कथा मुलांना कोणत्या वयात सांगितली? शेवटी इसहाकाऐवजी मेंढा मिळाल्याचे आधीच सांगून टाकावे, की मुलांना क्रमानेच ऐकू द्यावे? दोन्ही मुले एकत्र ऐकत असतील तर थोरलीच्या प्रश्नांची उत्तरे धाकट्यासमोर कितपत द्यावीत? आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.