इतरांच्या साक्षी ऐकल्या की स्वतःच्या पश्चात्तापाविषयी शंका येते

प्रश्न : एक भगिनी, पुणे

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम. माझा जन्म ख्रिस्ती घरातला. बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि तेव्हापासून मी मंडळीतच वाढले. उपवासकाळातल्या संजीवन सभांमध्ये, म्हणजे विश्वास नव्याने जागवण्यासाठी भरणाऱ्या सभांमध्ये, आमच्याकडे लोक प्रभूने आपले आयुष्य कसे बदलले याची साक्ष देतात. कोणाची दारू एका रात्रीत सुटलेली असते, कोणी वेदीसमोर तासभर रडलेले असते. माझ्याजवळ सांगण्यासारखी तशी एकही रात्र नाही. दर रविवारी मंडळीबरोबर पापांची कबुली देताना मी ती मनापासून देते, पण डोळ्यांत पाणी येत नाही, आणि मग माझा पश्चात्ताप केवळ सवयीचा तर नाही ना, असे वाटत राहते. उलट, साक्ष देणारा कोणी महिन्याभरात पूर्वीच्याच वाटेला लागला की मनाला एक समाधान वाटते, आणि मला त्या समाधानाची अधिक भीती वाटते. खरा पश्चात्ताप कशावरून ओळखावा आणि ही तुलना कशी थांबवावी, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त पाळक, अहमदनगर

ताई, लूककृत शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातील, मंदिरात प्रार्थनेला गेलेला परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी) आणि जकातदार (लोक पापी समजत तो करवसुली करणारा) यांचा दाखला आपण सर्वांनी शब्बाथ शाळेपासून ऐकलेला आहे, आणि म्हणूनच त्यातील एक गोष्ट सहसा आपल्या नजरेतून सुटते. परूशी खोटे बोलत नव्हता. नियमशास्त्राने प्रायश्चित्ताच्या दिवशी, म्हणजे वर्षातून एकदा, उपवास नेमलेला असताना तो आठवड्यातून दोनदा उपवास करत होता, सर्व उत्पन्नाचा दशांश देत होता, आणि त्याबद्दल देवाचे आभारही मानत होता. बिघडले ते इतकेच, की देवासमोर उभा असताना त्याची नजर मागच्या माणसावर होती. जकातदाराने मात्र परूश्याकडे पाहिलेच नाही. ‘मी निदान त्याच्यासारखा गर्विष्ठ नाही’ असे तो म्हणाला असता, तर तोही नीतिमान न ठरता घरी गेला असता. म्हणून ‘सर्वांहून मी हीन’ आणि ‘अमक्यापेक्षा मी बरी’ ही एकाच तुलनेची दोन टोके आहेत असे मी मानतो. तुम्हाला एकीचे दुःख होते आणि दुसरीची भीती वाटते, पण दोन्हींचा उगम एकच आहे.

आता अश्रूंविषयी. प्रभूला नाकारल्यावर त्याचा शिष्य पेत्र फार रडला हे खरे, पण प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता. त्याने चांदीची तीस नाणी परत केली आणि ‘मी पाप केले’ असे स्पष्ट कबूलही केले. मात्र ते तो मुख्य याजकांना म्हणाला, प्रभूकडे तो गेला नाही. दुसरीकडे जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या डोळ्यांत पाणी आल्याचा उल्लेखच नाही. त्याने आनंदाने प्रभूचे स्वागत केले आणि अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देण्याचे व ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे ठरवले. दुःख माणसाला प्रभूकडे नेते की त्याच्यापासून दूर, आणि त्यातून कोणाचे काही परत केले जाते की नाही, हे पाहावे. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 7 व्या अध्यायात दैवी दुःख आणि ऐहिक दुःख असा जो भेद केला आहे, तोही याच अर्थाचा आहे.

उत्तर : एक कॅथलिक सदस्य, वसई

पाळकसाहेबांशी मी सहमत आहे, परंतु दुसऱ्याकडे पाहणे सर्वस्वी चूक आहे असा अर्थ कोणी काढू नये. पौल स्वतःच आपले अनुकरण करायला सांगतो, आणि आम्ही संतांची चरित्रे वाचतो ती त्यासाठीच. अनुकरण करणारा चालू लागतो. तुलना करणारा जागच्या जागी मोजत बसतो. आमच्याकडे पापनिवेदनाला, म्हणजे फादरांजवळ पापे कबूल करायला, गेल्यावर फक्त स्वतःचेच सांगायचे असते. शेजाऱ्याचा विषय निघाला की फादर शांतपणे थांबवतात, आणि ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

इजिप्तमधील स्केतिस येथील वाळवंटात, चौथ्या शतकात, एका बंधूच्या अपराधाचा न्याय करण्यासाठी सभा भरली होती. मठवासी मोशे आधी तिकडे जाईनात. बोलावणे आले तेव्हा ते वाळूने भरलेली गळकी टोपली पाठीवर घेऊन गेले. लोकांनी विचारल्यावर ते म्हणाले की माझी पापे माझ्या मागे सांडत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. सभेने त्या बंधूला क्षमा केली. हे मोशे पूर्वी दरोडेखोर होते, म्हणजे तुमच्या सभांतील नाट्यमय साक्ष त्यांच्याजवळ होती. त्यांनी ती तिथे सांगितली नाही.

उत्तर : एक वाचक, राहुरी

आमच्याच भागातील उदाहरण देतो. कवी नारायण वामन टिळकांना रेल्वेच्या प्रवासात नवा करार मिळाला, आणि 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर काही वर्षांनी झाला, आणि त्यांची वाट अगदी निराळी होती: सोवळ्याओवळ्याचा विचार करता करता, देवाने जाती निर्माण केल्याच नाहीत, हे त्यांना उमगत गेले. एकाच घरात दोघांची वाट एक नव्हती. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, हे त्यानंतर आठ वर्षांनी कळले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनात 1905 साली जे संजीवन झाले, त्यात मुली मोठ्याने रडून पापे कबूल करत होत्या. ते देवाचे काम होते असे मी मानतो, पण त्याचे माप करून आजच्या प्रत्येक विश्वासणाऱ्याला लावणे मला मान्य नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आणखी एकच शंका आहे. पुढच्या रविवारी मलाही साक्ष द्यायला सांगितले आहे. सांगण्यासारखे काही नसताना ती द्यावी का?

उत्तर : निवृत्त पाळक, अहमदनगर

अवश्य द्यावी, ताई. लहानपणापासून प्रभूने तुम्हाला धरून ठेवले हीदेखील कृपाच आहे, आणि सभेला बसलेल्यांपैकी पुष्कळांची साक्ष नेमकी तीच असते. ती कोणी बोलत नाही म्हणून त्यांनाही तुमच्यासारखीच शंका येत असते. दारू सुटलेल्या माणसाच्या साक्षीइतकी मोठी दिसावी म्हणून तिच्यात भर घालू नका, आणि ती लहान आहे म्हणून क्षमाही मागू नका. त्याआधी मात्र एक करा. ज्याच्या घसरण्याने तुम्हाला समाधान वाटले, त्याच्या घरी या आठवड्यात कोणाला तरी बरोबर घेऊन जा, साक्षीचा विषय काढू नका, आणि उपासनेला परत येणे त्याला कशामुळे जड जाते आहे ते विचारा.