मदत हवी आहे: जर्मनीत मास्टर्स, स्टुटगार्ट की आखेन?

नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीचं मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष चालूय सांगलीला आणि तिला ऑटोमोटिव्हमध्ये मास्टर्स करायला जर्मनीला जायचंय, घरात तसं कुणी बाहेर गेलेलं नाही म्हणून इथे विचारतोय. कन्सल्टन्सीवाला म्हणतो जर्मनीत सगळं फुकट, पण बघितलं तर स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो फी आहे, आखेनला ती नाही. पण बॉश, मर्सिडीज, पोर्शे सगळे स्टुटगार्टला, मग इंटर्नशिपसाठी तिथे राहायचा खरंच फायदा होतो का? की आखेनला शिकूनही तिकडे अप्लाय करता येतं आरामात?

दुसरं म्हणजे ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षभराचा राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो. बाबा म्हणतायत एफडी मोडू, मला वाटतं एज्युकेशन लोनमधूनच भरावेत, कुणी असं केलंय का, बँकेने पैसे वेळेत सोडले का व्हिसाच्या आधी? एपीएसचा (आपली डिग्री-मार्कशीट तपासल्याचं सर्टिफिकेट, जे व्हिसाला लागतं) अर्ज शेवटच्या सेमिस्टरचा निकाल यायच्या आधीच टाकला का तुम्ही?

आणि भाषा! कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी नोकरीला जर्मन भाषेची बी१ लेव्हल पुरते की त्याच्या वरची बी२ लागतेच? डिग्रीनंतर १८ महिने नोकरी शोधायला मिळतात हे माहितीये, पण सध्या तिकडे ऑटोवाले माणसं कमी करतायत म्हणून आई जाम टेन्शनमध्ये आहे. तिथे असलेल्यांनी प्लीज खरं काय ते सांगा, एजंटची जाहिरात नको.